बॅकअप डाइव्ह कॉम्प्युटर: घ्यावा का, कोणता, आणि कसा वापरावा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही दोघं अ‍ॅडव्हान्स्ड आणि नायट्रॉक्स (ऑक्सिजन वाढवलेली हवा) हे स्कूबा डाइव्हिंगचे कोर्स केलेले. तुमच्या मनगटावर शिअरवॉटर कंपनीचा पेरेग्रिन हा डाइव्ह कॉम्प्युटर. जानेवारीत अंदमानातलं हॅवलॉक, आणि त्यानंतर मालदीवला आठवडाभराची लाइव्हअबोर्ड, म्हणजे बोटीवरच राहून डाइव्ह करायची सहल. पेरेग्रिन मध्येच बंद पडला तर काय, म्हणून दुसरा घ्यायचा विचार आहे. समोर चार पर्याय आहेत: स्वस्तातला एखादा मनगटी कॉम्प्युटर, घरातलं अ‍ॅपल वॉच अल्ट्रा, नुसता बॉटम टायमर (खोली आणि वेळ दाखवणारं यंत्र) आणि सोबत कोणत्या खोलीवर किती मिनिटं चालतात याचं छापील टेबल, किंवा काहीच न घेता मिस्टरांच्या कॉम्प्युटरवर भागवणं. घेतलाच तर दोघांत मिळून एक चालेल का, हेही विचारलंय.

आधी उत्तर देतो, कारणं मागून. एका डाइव्हपुरतं बघितलं तर बॅकअप नसला तरी काही बिघडत नाही. सहलीपुरतं बघितलं तर, विशेषतः लाइव्हअबोर्डवर, तो असावा. मात्र तो पहिल्या डाइव्हपासून अंगावर हवा, आणि त्याचं गणित तुमच्या मुख्य कॉम्प्युटरच्या गणिताशी जुळणारं हवं. लोक रंगीत स्क्रीन आणि ब्लूटूथ बघत बसतात आणि नेमक्या या दोन गोष्टी सोडून देतात.

समजा हॅवलॉकच्या जॉनीज गॉर्जला 26 मीटरवर आहात आणि स्क्रीन काळी झाली. नो-स्टॉप डाइव्हिंगची सोय हीच की कुठल्याही क्षणी थेट वर जाता येतं, डेकोचं, म्हणजे वर येताना सक्तीच्या थांब्यांचं, कर्ज नसतं. बडीला, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराला, खूण करायची, त्याच्याजवळ जायचं, मिनिटाला 9 मीटरपेक्षा जास्त वेग न घेता वर यायचं, 5 मीटरवर 3 मिनिटं थांबायचं. टँकमध्ये हवा असेल तर आणखी थोडं थांबा, वरच्या पाण्यात घालवलेली मिनिटं वाया जात नाहीत. बोटीवर चढा, डाइव्ह संपली. इथवर बॅकअपवाचून कुणाचं अडत नाही.

अडतं ते बोटीवर आल्यावर. कॉम्प्युटर फक्त खोली आणि वेळ दाखवत नाही, तुमच्या अंगात नायट्रोजन किती मुरलाय याचा चालू हिशेब ठेवतो. बुलमन या संशोधकाने मांडलेल्या पद्धतीत शरीराचे 16 काल्पनिक कप्पे धरतात. काही कप्पे चार-पाच मिनिटांत अर्धे भरतात, सर्वांत संथ कप्प्याला अर्धं भरायला 635 मिनिटं लागतात. तो कप्पा पुरता रिकामा व्हायला अडीच दिवस जातात. कॉम्प्युटर मेला की हा सगळा हिशेब गेला. दुकानातून उसना घेतलेला किंवा खोक्यातून नवाकोरा काढलेला कॉम्प्युटर म्हणजे आज सकाळीच रुजू झालेला कारकून. मागची फाइल त्याने बघितलेलीच नसते. त्याच्या मते तुम्ही कित्येक दिवसांत पाण्यात उतरलेलाच नाहीत, आणि तो तुम्हाला सढळ हाताने मिनिटं देतो. म्हणून नियम असा की कॉम्प्युटर गेला आणि दुसरा अंगावर नव्हता, तर किमान 18 ते 24 तास कोरडं बसायचं आणि मग नवा कॉम्प्युटर कोऱ्या पाटीने सुरू करायचा. हॅवलॉकला एक दिवस बसलात तर फार तर समुद्रकिनारी फिराल. मालदीवच्या बोटीवर दिवसाला तीन-चार डाइव्ह असतात, ती बोट तुमच्यासाठी मागे वळत नाही, आणि तुम्ही ज्या चॅनलसाठी (प्रवाळबेटांमधल्या प्रवाहाच्या वाटेसाठी) पैसे भरले तो त्याच दिवशी येतो.

हे मी हॅवलॉकलाच बघितलंय. एका पाहुण्यांचा कॉम्प्युटर तिसऱ्या दिवशी सकाळच्या दुसऱ्या डाइव्हला बंद पडला. ते मुळीच घाबरले नाहीत. "बॅकअप आहे माझ्याकडे," म्हणत बोटीवरच्या ड्राय बॅगेतून त्यांनी एक चांगला कॉम्प्युटर काढला. स्क्रीनवरची पारदर्शक फिल्मसुद्धा निघाली नव्हती. लॉग उघडला तर डाइव्ह शून्य. त्यांना उरलेला दिवस आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ खाली का उतरता येणार नाही, हे समजावताना मलाच वाईट वाटलं. पैसे खर्च करून झाले होते, सामान वाहून आणलं होतं, फक्त मनगटावर बांधायचं राहिलं होतं.

आता मिस्टरांच्या कॉम्प्युटरचं. वर येण्यापुरता त्यांचा कॉम्प्युटर जरूर बघा, बडी त्यासाठीच असतो. पण पुढच्या डाइव्हचा हिशेब त्यावरून करू नका. जोडीने डाइव्ह करणारी माणसं एकाच खोलीवर असतात हा भ्रम आहे. एक जण कॅमेरा घेऊन खडकाच्या पोटाशी न्युडिब्रँक (रंगीत समुद्री गोगलगाय) शोधत असतो, दुसरा तीन मीटर वर तरंगत कंटाळत असतो. त्यात एखाद्या संध्याकाळी एकाचा कान दुखतो आणि तो डाइव्ह चुकवतो. दोघांचे हिशेब पहिल्याच दिवशी वेगळे होतात. प्रत्येकाचा कॉम्प्युटर स्वतःचा, हे सगळ्या प्रशिक्षण संस्था शिकवतात ते याचसाठी.

टेबल आणि बॉटम टायमर हा पर्याय जुन्या मंडळींचा लाडका आहे, आणि मलाही टेबलं आवडतात. पण कॉम्प्युटरवर केलेल्या डाइव्हला टेबल लागू पडत नाही, ही अडचण आहे. पाडी या प्रशिक्षण संस्थेचं टेबल घ्या. 18 मीटरला 56 मिनिटं, 30 मीटरला 20 मिनिटं. टेबल असं धरतं की तुम्ही गाठलेल्या सर्वांत जास्त खोलीवरच सगळा वेळ होता. आता हॅवलॉकच्याच डिक्सन्स पिनॅकलची नेहमीची डाइव्ह बघा: 28 मीटरला टेकून पाच-सात मिनिटं, मग हळूहळू 22, मग 18 च्या आसपास माथ्यावर, मग दोरीला धरून वर, एकूण 45 मिनिटं. कॉम्प्युटरच्या दृष्टीने ही साधी, निवांत डाइव्ह. टेबलावर 28 मीटर म्हणजे 30 ची ओळ, 20 मिनिटं, आणि तुम्ही तर 45 मिनिटं खाली होतात. टेबलाच्या लेखी तुम्ही केव्हाच मर्यादेबाहेर गेलात, म्हणजे पुढच्या डाइव्हसाठी त्यातून अक्षर काढता येत नाही. बॉटम टायमर तुम्हाला नीट वर आणेल. सहल वाचवणार नाही.

तेव्हा दुसरा खराखुरा कॉम्प्युटर हवा. आता गणिताकडे येतो. सगळी मेख इथे आहे, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

तुमचा पेरेग्रिन झुरिकच्या अल्बर्ट बुलमन यांच्या झेडएचएल-16सी या गणितावर चालतो, आणि त्यावर ग्रेडियंट फॅक्टर लावतो. बुलमनने प्रत्येक कप्प्यासाठी वायूच्या दाबाची एक कमाल मर्यादा ठरवून दिली. ग्रेडियंट फॅक्टर म्हणजे त्या मर्यादेच्या किती टक्क्यांपर्यंत आपण जायचं. शिअरवॉटरच्या मेन्यूत तीन तयार पायऱ्या आहेत: लो म्हणजे 45/95, मीडियम 40/85, हाय 35/75. इथे लो-हाय हे सावधपणाचं माप आहे, हे लक्षात ठेवा. पहिला आकडा डेको डाइव्हमध्ये पहिला थांबा किती खोल यावा यासाठी, तो तुम्हाला फारसा लागत नाही. तुमची नो-स्टॉप मिनिटं ठरतात दुसऱ्या आकड्यावर. 95 ला मिनिटं जास्त, 75 ला कमी.

सुंटोचा झूप किंवा क्रेसीचा लिओनार्दो यांच्या पोटात वेगळं गणित आहे, आरजीबीएम या, अंगातल्या सूक्ष्म बुडबुड्यांचाही विचार करणाऱ्या, पद्धतीच्या वळणाचं. ते पहिल्या डाइव्हला फार कडक वाटत नाही. पण दोन डाइव्हमधली विश्रांती कमी पडली, वर येताना वेग वाढला, खालीवर करवतीसारखी डाइव्ह झाली, किंवा लागोपाठ तीन-चार दिवस डाइव्ह झाल्या, की ते मिनिटं कापायला लागतं. लाइव्हअबोर्डवर यातलं बहुतेक सगळं होतंच. उलट ओशॅनिकच्या कॉम्प्युटरमधला डीसॅट हा गणिताचा पर्याय सढळ म्हणून ओळखला जातो. यात बरोबर-चूक कोण हा वाद मी घालत नाही. या सगळ्या पद्धतींवर असंख्य लोक रोज सुखरूप डाइव्ह करतात. प्रश्न दोन वेगळी गणितं एका हातावर बांधण्याचा आहे.

तिसऱ्या दिवशीच्या तिसऱ्या डाइव्हला 22 मीटरवर एक कॉम्प्युटर म्हणतो 11 मिनिटं आहेत, दुसरा म्हणतो 3. तुम्ही काय कराल? पुस्तकी उत्तर: जो कडक त्याचं ऐका. बरोबर आहे. पण मग तुम्ही महागड्या पेरेग्रिनवर नव्हे, स्वस्तातल्या बॅकअपवर डाइव्ह करताय, आणि हे सुट्टीभर चालणार. माणसं हे एक दिवस करतात. दुसऱ्या दिवशी बॅकअपकडे बघणं सोडून देतात आणि पेरेग्रिनची मिनिटं वापरतात. मग बॅकअप डेकोत जातो, 3 मीटरवर थांबा मागतो. तुम्ही तो न देता, किंवा अर्धाच देऊन वर येता, कारण मुख्य कॉम्प्युटर सगळं ठीक म्हणतोय. वर आल्यावर बॅकअप एरर दाखवतो आणि स्वतःला कुलूप लावून घेतो, कुठे 24 तास, कुठे 48 तास. तेवढा वेळ तो नुसता खोली आणि वेळ दाखवणार. पेरेग्रिनला अशी सवय नाही, तो कुलूप लावत नाही, पण मनोरंजनात्मक डाइव्हिंगचे बहुतेक कॉम्प्युटर लावतात. म्हणजे ज्या दिवशी पेरेग्रिन बंद पडेल त्या दिवशी बॅकअपही रुसून बसलेला असण्याची शक्यता तुम्ही स्वतःच तयार केलीत.

म्हणून माझं मत असं: बॅकअप मुख्य कॉम्प्युटरइतकाच सावध किंवा त्यापेक्षा केसभर सढळ असावा. त्याहून कडक नको. डाइव्ह मुख्य कॉम्प्युटरवर करायची, बॅकअप मागून निमूट हिशेब ठेवत येईल आणि कधी रुसणार नाही. मुख्य बंद पडून बॅकअपवर यायची वेळ आली, की मग त्याला एक पायरी सावध करा आणि पुढच्या डाइव्ह जरा उथळ ठेवा. काही शिक्षक याच्या उलट सांगतील, बॅकअप कडकच हवा म्हणतील. कागदावर त्यांचं पटतं. बोटीवर माणूस कसा वागतो हे बघून मी माझं मत बनवलंय.

एकच गणित हवं म्हणजे एकच मॉडेल दोनदा घ्यायचं का? बजेट असेल तर दुसरा पेरेग्रिन ही वाईट कल्पना नाही. तीच बटणं, तेच मेन्यू, डोक्याला ताप नाही. विरुद्ध बाजूने एक जुनं उदाहरण सांगतात. उवाटेकच्या अलादिन एअर एक्स नायट्रॉक्सच्या नव्वदीच्या दशकातल्या काही नगांमध्ये सॉफ्टवेअरची चूक होती. बोटीवर बसलेला डायव्हर अजून नायट्रॉक्सच श्वासात घेतोय असं धरून ते विश्रांतीचा हिशेब करत, त्यामुळे नायट्रोजन प्रत्यक्षापेक्षा लवकर गेला असं दाखवत. 2003 साली अमेरिकेत ते परत मागवले. असे दोन सारखे कॉम्प्युटर हातावर असते तर दोघांनी एकमताने चूक सांगितली असती. मुद्दा खरा आहे. म्हणून मला मधला मार्ग आवडतो: गणित तेच, कंपनी आणि यंत्र वेगळं. पूर्वी हे अवघड होतं, आता बरंच सोपं झालंय, कारण बऱ्याच कंपन्या बुलमन आणि ग्रेडियंट फॅक्टरकडे वळल्यात. मारेसच्या जुन्या पक प्रोमध्ये आरजीबीएम होतं, नव्या पक 4 मध्ये बुलमन आहे. स्क्यूबाप्रोचे साधे अलादिनही बुलमनच्याच घराण्यातले, फक्त त्यांच्या सावधपणाच्या पायऱ्या वेगळ्या पद्धतीने दिलेल्या असतात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पहिल्याच डाइव्हला घाबराल. दोन कॉम्प्युटर एकाच हातावर असूनही एक 18.0 दाखवेल, दुसरा 18.4. बिघाड नाही. कॉम्प्युटर दाब मोजतो आणि पाण्याची घनता गृहीत धरून त्याची खोली करतो. गोडं पाणी आणि खारं पाणी यांत साधारण तीन टक्क्यांचा फरक पडतो. काही यंत्रांत पाण्याचा प्रकार निवडता येतो, तर काही ईएन 13319 या युरोपीय मानकाची मधली घनता धरतात. हे मानक खोली आणि वेळ मोजण्याबद्दल आहे, डेकोच्या गणिताबद्दल नाही, त्यामुळे खोक्यावर तो आकडा छापला म्हणून आतलं गणित कुणी तपासून दिलंय असं समजू नका. फरक अर्ध्या मीटरच्या वर गेला आणि दोन्हींची सेटिंग सारखी असूनही तसाच राहिला, तर मात्र त्या यंत्राचा सेन्सर तपासून घ्या.

नायट्रॉक्सचा गोंधळ सगळ्यांत जास्त होतो, आणि तो सकाळी सहाच्या बोटीवर होतो. अ‍ॅनालायझरवर 32 आलं, टँकच्या टेपवर सही केली, पेरेग्रिनला 32 लावलं, आणि गडबडीत बॅकअप 21 वरच राहिला. आता बॅकअप समजतोय तुम्ही साध्या हवेवर आहात. तो नायट्रोजन जास्त मोजणार, लवकर डेकोत जाणार, आणि वर सांगितलेलं कुलपाचं नाटक होणार. त्याहून वाईट म्हणजे त्याला ऑक्सिजनचं भान नाही. 32 टक्क्यांना ऑक्सिजनच्या आंशिक दाबाच्या 1.4 या मर्यादेने 33-34 मीटर हा तळ आहे, त्याच्या खाली गेलात तर तो ओरडणार नाही. काही कॉम्प्युटर, विशेषतः ओशॅनिक आणि अ‍ॅक्वालंगच्या घराण्यातले, आणखी एक चतुराई करतात: नायट्रॉक्सची डाइव्ह संपून थोडा वेळ गेला की टक्केवारी आपोआप एका बचावात्मक सेटिंगवर नेतात, जिथे ऑक्सिजन 50 टक्के धरला जातो आणि नायट्रोजन हवेइतका. हेतू चांगला, पण ज्याला माहीत नाही तो 18 मीटरला ऑक्सिजनचा अलार्म ऐकून गोंधळतो. मेन्यूत ते बंद करता येतं. घ्यायचा तो मॉडेल या बाबतीत कसा वागतो हे विकत घेण्यापूर्वी त्याच्या पुस्तिकेत बघा. आणि बोटीवर सवय लावून घ्या: दोन्ही हात पुढे, दोन्ही आकडे बडीला मोठ्याने वाचून दाखवायचे.

बॅटरीबद्दल माझं मत पक्कं आहे. पेरेग्रिन चार्जिंगचा आहे, तोही वायरलेस पॅडवर. तेव्हा बॅकअप सेलवर चालणारा घ्या, आणि सेल स्वतःला बदलता येईल असा. दोन्ही चार्जिंगचे असले तर बोटीवर रात्री जनरेटरने दगा दिला की दोन्ही एकदम उपाशी. या वर्गातल्या साध्या मनगटी कॉम्प्युटरमध्ये बहुतेक 2430 किंवा 2450 जातीचा बटणसेल असतो. हॅवलॉकच्या बाजारात 2032 मिळतो, तुम्हाला हवा तो मिळेलच असं नाही. दोन सेल घरूनच न्या, ओ-रिंग एक जादा न्या.

सेल बदलायचा तर घरी, निघायच्या आठवडाभर आधी, पंखा बंद करून. अनेक साध्या मॉडेलमध्ये सेल काढला की नायट्रोजनचा हिशेबही पुसला जातो, म्हणून सहलीच्या मधोमध हे काम करायचं नाही. झाकण नाण्याने फिरवून उघडा. ओ-रिंग टोकदार वस्तूने उचकटू नका, बोटांनी चिमटीत दाबून वर आणा. खाचेत मिठाचे पांढरे कण दिसतील, ते कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या काडीने काढा आणि खाच कोरडी होऊ द्या. ओ-रिंग उजेडात धरून बोटांत फिरवा: चपटी झाली असेल, भेग असेल तर फेका. सिलिकॉन ग्रीस नावापुरतं, रिंग चमकेल इतकंच. जास्त ग्रीस म्हणजे कचऱ्याला आमंत्रण. आणि बंद करण्याआधी आडव्या उजेडात एकदा बघा, कारण एक केस आडवा पडला तरी 20 मीटरवर पाणी आत येतं. मग बादलीत अर्धा तास बुडवून काचेआड धुकं धरतंय का पाहा. ही पूर्ण परीक्षा नव्हे, पण ढोबळ चूक इथे पकडली जाते.

अ‍ॅपल वॉच अल्ट्राबद्दल लोक हल्ली फार विचारतात. 2022 मध्ये आलं तेव्हा मीही नाक मुरडलं होतं, पण ते खेळणं नाही. त्यातलं ओशॅनिक प्लस हे अ‍ॅप बुलमनवरच चालतं, ग्रेडियंट फॅक्टरसह, आणि 40 मीटरपर्यंत मनोरंजनात्मक डाइव्हिंगसाठी आहे. गणिताच्या दृष्टीने तुमच्या पेरेग्रिनशी ते झूपपेक्षा जास्त जुळेल. अडचणी वेगळ्या आहेत. अ‍ॅपची डाइव्हिंगची सोय पैसे भरून चालू ठेवावी लागते. वर्गणी संपली असेल तर हातावर नुसता खोलीमापक उरतो. बॅटरी रोज चार्ज करावी लागते, आणि दिवसभर हे घड्याळ फोन, पावलं, मेसेज यांत ती खर्च करत असतं. पाण्याखाली टचस्क्रीन चालत नाही, बटणं आणि क्राउनवर काम असतं, त्याचा सराव घरी करावा लागतो. घरात आहेच, तर हॅवलॉकला तेच बॅकअप म्हणून वापरा: रोज रात्री चार्ज, दिवसा एअरप्लेन मोड, प्रत्येक डाइव्हला हातावर. तिथे नीट जमलं तर मालदीवसाठी वेगळा कॉम्प्युटर घ्यायचा की नाही हे तुमचं तुम्हालाच कळेल.

टँकमधल्या हवेच्या दाबाबद्दल थोडक्यात. पेरेग्रिनला हा दाब कळवणारा ट्रान्समीटर जोडता येत नाही, टीएक्स आवृत्तीला येतो. बॅकअपला त्याची अजिबात गरज नाही, त्यावर पैसे घालू नका. उद्या ट्रान्समीटर घेतलात तरी रेग्युलेटरवरचा काट्याचा गेज काढू नका, तोच त्याचा बॅकअप.

बांधायचा कुठे? दुसऱ्या मनगटावर, किंवा त्याच हातावर थोडा वर. बीसीडीच्या (हवा भरायच्या जॅकेटच्या) खिशात क्लिपने अडकवला तरी हिशेब बरोबर राहतो, फक्त तो पाण्यात उतरताच चालू झालाय ना हे पहिल्या दोन मीटरवर बघून घ्या. माझ्या पाहण्यात कॉम्प्युटर बिघडण्यापेक्षा हरवतात जास्त. घड्याळासारख्या पट्ट्याची बारीक पिन तुटते, उडी मारताना किंवा बोटीची शिडी चढताना, आणि यंत्र तळाला. केसला दोन बाजूंनी स्वतंत्र गाठी मारलेली बंजी, म्हणजे लवचीक दोरी, लावा, एक तुटली तरी दुसरी धरून ठेवते. वेटसूटवर ती बसतेही छान, खाली गेल्यावर सूट दबला तरी सैल होत नाही.

किमतीचं म्हणाल तर सेलवरचा साधा मनगटी कॉम्प्युटर परदेशात 200 ते 300 डॉलरच्या घरात मिळतो, इकडे त्यावर आयातीचा भार चढतो. जुना घ्यायचा असेल तर सेलच्या खाचेत हिरवट डाग आहेत का बघा, बटण दाबल्यावर परत वर येतं का बघा, आणि पहिल्या डाइव्हला पेरेग्रिनशेजारी धरून 5 मीटर आणि 20 मीटर दोन्हीकडे आकडे ताडून पाहा. विकणारा तेवढी मुभा देत नसेल तर घेऊ नका.

हे सगळं तारकर्ली-मालवण किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडला करायची गरज नाही. तिथे डाइव्ह उथळ असतात. पाडीच्या टेबलात 10 मीटरला 219 मिनिटं आहेत, त्याच्या कितीतरी आधी टँक संपतो. कॉम्प्युटर गेला तर दुसऱ्या दिवशी उसना घ्या. आंग्रिया बँकची गोष्ट उलटी. विजयदुर्गपासून शंभरएक किलोमीटर आत, आणि तिथला सर्वांत उथळ माथाच मुळी 20 मीटरच्या आसपास. अशा ठिकाणी जाणाऱ्या बोटीवर बॅकअपशिवाय चढू नये असं मी म्हणेन. मालदीवला कायद्याने 30 मीटरची मर्यादा आहे, पण तिथल्या चॅनलमध्ये प्रवाह जोराचा असतो, बडीपासून लांब जाणं सहज घडतं, त्यामुळे स्वतःच्या हातावर दुसरा आकडा असलेला बरा.

परतीच्या विमानाचं: कॉम्प्युटर बंद पडला असो वा नसो, अनेक डाइव्हनंतर किमान 18 तास ही डॅन या डायव्हर-सुरक्षा संस्थेची शिफारस आहे. बरेच साधे कॉम्प्युटर सरळ 24 तास मोजतात. अंदमानहून निघताना 24 च धरा, तशीही फेरी बोटीची वेळ तुमच्या हातात नसते.

राहिला शेवटचा प्रश्न, दोघांत मिळून एक बॅकअप. नाही चालणार. तो ज्याच्या हातावर असेल त्याच्याच डाइव्हचा हिशेब ठेवणार, दुसऱ्याच्या दृष्टीने तो उसनाच. दोन घेणं जड जात असेल तर एक विकत घ्या आणि दुसरा डाइव्ह सेंटरमधून पूर्ण सहलीसाठी भाड्याने घ्या, पण पहिल्या डाइव्हपासून. भाड्याच्या कॉम्प्युटरमध्ये आधीच्या माणसाचा नायट्रोजन शिल्लक असू शकतो, म्हणून हातात घेताना लॉगमधली शेवटची डाइव्ह कधीची आणि नो-फ्लायचं घड्याळ चालू आहे का, हे दोन्ही बघा. चालू असेल तर दुसरा नग मागा. मिस्टरांचा कॉम्प्युटर कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. तो बुलमनवरचा असेल तर विकत घ्यायचा बॅकअप तुमच्यासाठी घ्या आणि भाड्याचा त्यांना द्या. सुंटो किंवा क्रेसी असेल, तर सेंटरला आधीच कळवून त्याच कंपनीचा नग त्यांच्यासाठी राखून ठेवायला सांगा, बहुतेक ठिकाणी असतो.